राज्याबाहेरचा शिकारी

दादा, चार दिवसांपूर्वी माधवीवहिनीने तुझा लॅपटॉप माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "वॉल्टला कळवायचं राहिलंय गं प्रज्ञा. मला इंग्रजीत रडता यायचं नाही. तूच कर फोन."

तुला जाऊन अठरा दिवस झाले. साताऱ्याला कळवलं, ऑफिसातल्यांना कळवलं, इथे सिंगापुरात आपल्या इमारतीखालच्या कॉफीवाल्या अंकललाही कळवलं. मोंटानातला तो म्हातारा तेवढा राहिला होता. त्याच्या लेखी तू अजून जिवंत होतास. मला त्याचा हेवा वाटला. दोन दिवस मी लॅपटॉप उघडलाच नाही.

खरं सांगू? मी दमलेय. रडून म्हणावं तर रडायला कालपर्यंत नीटसा वेळच झाला नव्हता. बँक, विमा, फ्लॅटचे कागद. प्रत्येक काउंटरवर विचारतात, मयताशी नातं काय? मी म्हणते, शेजारी. मग ते नम्रपणे सांगतात की पत्नीलाच यावं लागेल. नऊ वर्षं मी तुला दादा म्हणत होते, पण फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही.

रकान्यांचं दुखणं तुलाही होतंच. तू अमेरिकेत, मोंटाना राज्यात खाणीवर इंजिनियर होतास तेव्हा अकरा वर्षं तिथला रहिवासी होतास. पहिल्या हिवाळ्यात शेजारचा वॉल्ट पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं मांस घेऊन दारात आला होता. एल्कचं, म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही मोठ्या हरणाचं. तू ते मिसळणाच्या डब्यातला मसाला घालून शिजवलंस आणि त्यातलं अर्धं त्याला नेऊन दिलंस. पुढच्या वर्षी तो तुला डोंगरात घेऊन गेला. तेव्हा शिकारीचं लायसन्स दोघांच्या नाश्त्याच्या पैशात मिळायचं, असं तू सांगायचास. मग आईच्या आजारपणासाठी जवळ यायचं म्हणून तू सिंगापूरची नोकरी घेतलीस. पुढच्या वर्षी तोच फॉर्म भरताना वेगळ्या चौकोनात खूण करावी लागली आणि फी कितीतरी पटींनी वाढली. त्यातही आधी सोडत. नाव निघालं तरच लायसन्स. डोंगर तोच, वॉल्ट तोच, पण तू राज्याबाहेरचा झालास.

"पैशाचं नाही गं," तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा म्हणाला होतास. "तो शब्द वाचला आणि मला कोणीतरी घराबाहेर उभं केल्यासारखं झालं."

"मग जाऊ नकोस," मी म्हणाले होते. इतकं सोपं वाटलं होतं मला.

आपला वाद त्या दिवशी सुरू झाला. तुला आठवतं? आम्ही नुकतेच तुमच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो होतो. माझी ईशा तीन वर्षांची होती. तू पंखे बसवायला आला होतास आणि स्टुलावर उभा राहून एल्कची गोष्ट सांगत होतास. मी रोज सकाळी पंचशील म्हणणारी. माझं पहिलं शीलच प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं, आणि माझ्या छताला पंखा लावतोय एक शिकारी! मी म्हणाले, "दादा, जीव घ्यायला माणूस एवढ्या लांब जातो?"

तू स्क्रू घट्ट करत विचारलंस, "काल रात्री काय जेवलात?"

"चिकन राइस."

"त्या कोंबडीला कोणी मारलं?"

मी म्हणाले, "मी मजा म्हणून मारलं नाही." तू म्हणालास, "मीही मजा म्हणून मारत नाही. मी मारतो, सोलतो, पाठीवर वाहून आणतो, आणि त्या दिवशी मला झोप येत नाही. तुला आली ना?" मी तुला चहा दिला. नऊ वर्षांत या वादात दोघांपैकी कुणीही एक पाऊल मागे सरकलं नाही. मधूनच मी महिनाभर मांस सोडायचे, तुला दाखवायला. तू हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवरून माझ्यासाठी टोफू घेऊन यायचास.

फीचा वाद वेगळा होता, आणि त्यात तू स्वतःशीच भांडायचास. एखाद्या रविवारी म्हणायचास, "बरोबरच आहे त्यांचं. त्यांचे डोंगर, ते वर्षभर तिथे कर भरतात. त्या लायसन्सच्याच पैशातून तर रानं राखली जातात. बाहेरच्याने जास्त द्यायलाच हवं." पुढच्या रविवारी तूच म्हणायचास, "हे असंच वाढत गेलं तर उद्या तिथे फक्त श्रीमंत लोक येतील. खासगी विमानाने येणारे, हरणाचं डोकं भिंतीवर लावणारे. माझ्यासारख्या माणसाने कुठे जायचं?" दरवर्षी फी वाढली की तू मला फोनवर दाखवायचास. शेवटी शेवटी ती विमानाच्या तिकिटाच्या जवळपास येऊन पोचली होती.

एकदा मी वैतागून म्हणाले, "दादा, तुला वर्षातून एकदा बाहेरचा म्हणतात. मला ईशाच्या शाळेची परदेशी मुलांची जादा फी भरताना दर महिन्याला म्हणतात."

तू खूप हसलास. मग म्हणालास, "तुझं खरं आहे. पण तू ईशाची शाळा सोडतेस का?"

ईशाला तर हे सगळं कळायचंच नाही. तिच्या सिंगापुरी बोलीत म्हणायची, "काका, सो एक्सपेन्सिव्ह, फॉर वॉट? आपल्या झूमध्ये सगळे अ‍ॅनिमल्स आहेत, लाह." तू तिला समजावायचास की झूमधल्या प्राण्याला तुझ्यापासून पळता येत नाही. ती म्हणायची, "दॅट्स बेटर फॉर हिम, वॉट. तू शूट नाही करणार."

दादा, तुझ्यामुळे मी या शहरात जंगल बघितलं, हेही सांगायला हवं. रविवारी सकाळी आपण बुकित बातोकच्या टेकडीवर चढायचो. एका सकाळी पायऱ्यांच्या वरच्या वळणावर तू मला हाताने थांबवलंस. खाली झुडपात रानडुकरीण होती, मागे पट्टेपट्टे असलेली पाच पिल्लं. तू कुजबुजलास, "हलू नकोस. वारा आपल्याकडे येतोय, तिला आपला वास जाणार नाही." मी श्वास रोखून उभी राहिले. ती आपल्यापासून दहा पावलांवर मुळं उकरत होती. तिच्या कानातली माती मला दिसत होती. शेजारी उभ्या असलेल्या शिकाऱ्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते माझ्या ओळखीचं होतं. सकाळी ध्यानाला बसल्यावर कधीतरी, फार क्वचित, मला तसं होतं. मी तुला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वाद जिंकल्यासारखा मिशीत हसला असतास, म्हणून नाही सांगितलं.

गेल्या वर्षापासून तू टेकडीवर फार वेळा थांबायला लागलास. "थांब, वारा बघू." मी थांबायचे. मला वाटायचं, तू मला शिकवतोयस.

आता मार्चमधल्या त्या दुपारबद्दल. मला त्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय सुटका नाही.

जानेवारीत तुझी नोकरी गेली. तांजोंग पगारच्या त्या ऑफिसातून तू एक खोका आणि कुंडीतलं मनीप्लांट घेऊन आलास. सत्तावन्नाव्या वर्षी. तू हसतमुख राहिलास, इतका की वहिनीला राग यायचा. मार्चमध्ये वॉल्टची मेल आली. ती तू मला वाचून दाखवलीस. गुडघे संपले, घोडे विकतोय, हा माझा शेवटचा मोसम. येशील ना?

रविवारी दुपारी तू लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आलास. अर्जाची मुदत संपत आली होती. फॉर्म निम्मा भरून झाला होता. फी पुन्हा वाढलेली होती. तू स्क्रीन माझ्याकडे वळवलीस आणि विचारलंस, "काय करू?"

इतक्या वर्षांत तू मला कधी 'काय करू' असं विचारलं नव्हतंस. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी लॅबच्या नोकरीत सहा दिवस राबलेली, समोर इस्त्रीचा ढीग. मी म्हणाले, "मला विचारतोस? मी काय सांगणार ते तुला माहीत आहे."

"तरी सांग."

"नको भरू. नोकरी नाही, वहिनी काळजीत आहे, आणि तू एवढे पैसे एका मुक्या जनावराला मारायच्या परवानगीसाठी देणार? बाहेरचा म्हणून चौपट-दहापट मोजून? कशासाठी, दादा? त्यांना तू नकोयस. तुझे पैसे हवेत."

हे शेवटचं वाक्य मी नसतं बोलले तर बरं झालं असतं. बाकीचं मी आजही बोलेन.

तू लॅपटॉप मिटलास. "बरोबर आहे तुझं," म्हणालास. नऊ वर्षांत पहिल्यांदा, मागे 'पण' न लावता. मी जिंकले होते आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मी म्हणाले, "चहा टाकू?" तू म्हणालास, "नको, पडतो जरा." आणि लिफ्टने वर गेलास. एकाच मजल्यासाठी लिफ्ट. त्याचंही मला काही वाटलं नाही.

मुदत उलटून गेली. आपण तो विषय पुन्हा काढला नाही.

मेमध्ये तुला रॅफल्स प्लेसला मुलाखतीचं बोलावणं आलं. पांढरा शर्ट, हातात फाइल. एमआरटीच्या मेट्रो स्टेशनकडे जाणाऱ्या पादचारी पुलाच्या पायऱ्यांवर, निम्म्यात, तू बसलास. बाजार करून येणारी एक मलय बाई तुझ्याजवळ थांबली. तिने तुझं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या पिशवीतली पालेभाजी पायऱ्यांवर सांडली, आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती तुझ्या छातीवरून हात फिरवत राहिली. ती नंतर घरी आली होती. वहिनीला म्हणाली, तो मला सारखा म्हणत होता, "सॉरी आंटी, युवर व्हेजिटेबल्स, सॉरी." दादा, हे तुझं शेवटचं बोलणं. तुझ्यासारखंच. डॉक्टर म्हणाले, हे हृदय काही महिने कुरकुर करत असणार. मग त्यांनी विचारलं, कोणाच्या लक्षात नाही आलं?

त्या प्रश्नावर मी वहिनीचा हात धरला.

अकराव्या दिवशी मी वहिनीला सगळं सांगितलं. मार्चची दुपार, ते वाक्य, मिटलेला लॅपटॉप. म्हणाले, "वहिनी, मी त्याला जाऊ दिलं असतं तर निदान एकदा डोंगर बघून आला असता." वहिनी भाताची पातेली घासत होती. तिने नळ बंद केला.

"तू नको म्हणालीस म्हणून ते थांबले, असं वाटतं तुला? तीस वर्षांत मी म्हटलं म्हणून त्यांनी चहातली साखर कमी केली नाही." मग तिने हात पुसले आणि खुर्चीवर बसली. "मला तर ते म्हणाले, गुडघा दुखतोय, म्हणून यंदा जात नाही. मी म्हटलं बरं झालं, पैसे वाचले. रात्री दोन उशा घेऊन निजायला लागले होते. म्हणायचे, अ‍ॅसिडिटी आहे. मी जिरं उकळून द्यायचे." ती थांबली. "मी जिरं उकळून देत होते, प्रज्ञा."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. खूप वेळाने तिने उठून नळ पुन्हा सोडला.

आणि काल सकाळी मी वॉल्टला फोन लावला. इथली सकाळ, तिथली आदल्या दिवसाची संध्याकाळ. तुझ्या मेलमधून नंबर शोधावा लागला, तेव्हा तू त्याला मार्चअखेरीस लिहिलेलं उत्तर दिसलं. बाहेरच्यांची फी आता मला झेपत नाही, माफ कर. एवढंच. नोकरी गेल्याचा उल्लेख नाही, गुडघ्याचा नाही, माझा तर नाहीच. त्याने अर्धे पैसे देऊ केले होते. तू नको म्हणाला होतास.

मला वाटलं होतं तो फोनवर रडेल. तो रडला नाही. मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मग त्याने विचारलं, "काय झालं होतं?" मी सांगितलं, हृदय. काही महिन्यांपासून असावं.

तो म्हणाला, "गेल्या मोसमात तो चढावर सारखा थांबत होता. मला वाटलं, माझ्या गुडघ्यांसाठी थांबतोय. मला लाज वाटू नये म्हणून. तो तसाच होता ना, म्हणून मी विचारलं नाही. उलट मनातल्या मनात त्याचे आभार मानले."

दादा, मी फोन हातात घेऊन खिडकीशी उभी होते आणि मला टेकडीवरचं सगळं एकदम समजलं. तू वारा बघत नव्हतास. पहिल्यांदा, त्या डुकरिणीच्या वेळी, बघितला असशील. नंतर तू श्वास गोळा करत होतास. मला वाटलं शिकवतोयस, वॉल्टला वाटलं मान राखतोयस, वहिनीला वाटलं पित्त झालंय. तिघांनीही तुझं थांबणं बघितलं आणि तिघांनीही त्याचा चांगला अर्थ लावला. तुझ्या चांगुलपणानेच तुझा घात केला की काय, असं मी म्हणणार होते, पण नाही म्हणत. घात तुझ्या लपवण्याने केला. मला तुझा राग आलाय, आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नाहीये.

तुला माहीत होतं का? मला हे एकच विचारायचंय. वॉल्टला फी, वहिनीला गुडघा, आणि मला 'बरोबर आहे तुझं'. तीन माणसांना तीन कारणं दिलीस आणि प्रत्येकाला पटेल असंच दिलंस. त्या दुपारी तू लॅपटॉप घेऊन आलास तो फीबद्दल विचारायला की तुला भीती वाटत होती? 'काय करू' म्हणालास तेव्हा फॉर्मकडे बघत होतास की माझ्याकडे, ते मी कितीदा आठवायचा प्रयत्न केला. मला इस्त्रीचा ढीग आठवतो. फॉर्मवरचा तो रकाना आठवतो. तुझा चेहरा नाही आठवत.

त्या फीवर मी इतकी वर्षं चिडत आले. ती वाढायची आणि मला बोलायला निमित्त मिळायचं. यंदा तिचा आडोसा तुला मिळाला. आपण दोघं तिच्यावर बोलत राहिलो आणि तिच्यामागे जे होतं त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

वॉल्टने तुझ्याबद्दल खूप सांगितलं. तुझी रायफल त्याच्या कपाटात आहे. परदेशी माणसाला तिथे त्या वर्षीच्या लायसन्सशिवाय बंदुकीला हातही लावता येत नाही, म्हणून लायसन्सचा कागद हातात पडेपर्यंत तू ती त्याला पुसायला लावायचास आणि स्वतः लांब उभा राहून सूचना द्यायचास. हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, शिकार झाल्यावर तू टोपी काढून त्या जनावराजवळ बसायचास आणि तुझ्या भाषेत काहीतरी बोलायचास. काय ते त्याने कधी विचारलं नाही. मला विचारलं, तुला ठाऊक आहे का? मी म्हणाले, नाही. तेही तू मला सांगितलं नाहीस. वादात उपयोगी पडलं असतं तुला.

मग तो म्हणाला की माधवीला घेऊन या. बर्फ पडायच्या आधी, सप्टेंबरमध्ये. तुझं जुनं घर अजून आहे, त्यात एक शिक्षिका राहते. डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाडी जाते. वहिनीला मी फोन स्पीकरवर ठेवून ऐकवलं. तिने आधी मान हलवली, नको म्हणून. मग मला खुणेने म्हणाली, सप्टेंबरात थंडी किती असते विचार. विचारलं. मग ती आत गेली आणि कपाटातून तिचा जुना जाडा कोट काढून घेऊन आली.

मी वॉल्टला म्हणाले, "मी येईन तिला घेऊन. पण तुम्हाला आधी सांगते, मी शिकारीच्या विरोधात आहे. आमचं यावर नऊ वर्षं भांडण चाललं होतं. त्याच्याइतकीच तुमच्याशीही भांडेन."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तूच ती, टोफूवाली. तरी ये."

तरी ये. किती सहज म्हणाला तो. फोन ठेवल्यावर मी इस्त्रीच्या टेबलापाशी बसले आणि अठरा दिवसांत पहिल्यांदा नीट रडले. मला शिकार पटत नाही, दादा. आजही पटत नाही. ती फीही पटत नाही. पण त्या दुपारी हे सगळं बोलून झाल्यावर पुढचे दोन शब्द मला म्हणता आले असते. वॉल्टची ती मेल तू मला वाचून दाखवली होतीस. म्हातारा तुझी वाट बघत होता. मी म्हणायला हवं होतं, तरी जा. कदाचित मग तू म्हणाला असतास, जायचंय गं, पण मला धाप लागते.